खिंडीतून गेलेले पाणी

पूर्वी अश्मक देशाच्या डोंगराळ टोकाला, नंदिखेट नावाच्या नगरात राजा दृढसेन राज्य करीत असताना, बोधिसत्त्व एका अमात्यकुळात जन्माला आले. वयात आल्यावर ते त्याच राजाचे अमात्य झाले. त्या जन्मी त्यांचे नाव सुनय होते.

नगराच्या पश्चिमेला सह्य पर्वताची भिंत उभी होती. तिच्या दगडधोंड्यांतून एक लहानशी नदी उड्या मारीत खाली येई, म्हणून लोक तिला कुरंगी म्हणत, म्हणजे हरिणी. सपाटीवर आली की ती संथ होई, नगराची तळी भरी आणि भातखाचरे भिजवी. पण तिचा उगम नगरातल्या कोणी पाहिला नव्हता. वर धुके असते, जळवा असतात आणि डोंगरकरी लोक राहतात, एवढेच सर्वांना ठाऊक होते. हे डोंगरकरी वर्षातून एकदा मध आणि मेण घेऊन उतरत, राजाचा वाटा देत आणि मिठाच्या गोण्या घेऊन परत जात.

एका वर्षी भाद्रपदात डोंगरावर पावसाने ठाणच मांडले. नगरावर तुरळक सरी पडत होत्या, पण वरचे ढग हलत नव्हते. अशा दिवसांत नदी काठोकाठ वाहायची. त्या वर्षी मात्र एका सकाळी बायका घाटावर आल्या आणि कळशी हातात धरूनच उभ्या राहिल्या. कुरंगी घोटाभर उरली होती. चिखलात मासे तडफडत होते.

आधी लोकांना गंमत वाटली. टोपल्या भरभरून मासे घरी गेले. मग तळी उतरू लागली, भाताच्या मुळाशी भेगा दिसू लागल्या आणि लोक नदीच्या पात्रात झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरू लागले. सकाळ-संध्याकाळ अर्धे नगर पात्रात दिसू लागले.

राजाने सभा बोलावली. सेनापती वज्रबाहू उठून म्हणाला, "महाराज, हे उघड आहे. आपण गेल्या वर्षी मधाचा वाटा वाढवला. त्या रागाने डोंगरकऱ्यांनी वर बांध घालून पाणी अडवलं. मला आज्ञा द्या. मी त्यांची वस्तीही मोडतो आणि बांधही."

सभेला हे पटले. राजाही संतापला होता. तो म्हणाला, "जा. जो कोणी माझी नदी मला परत आणील, त्याला कुरंगीच्या काठची सगळी जमीन मी वंशपरंपरेने देईन."

तेव्हा सुनय म्हणाले, "महाराज, डोंगरावर पाऊस कोसळतो आहे. एवढं पाणी माणसांनी अडवणं कठीण. काय झालंय ते आधी मला पाहून येऊ द्या."

"पाहा," राजा म्हणाला, "पण सेना थांबणार नाही. ती तुमच्या मागोमाग निघेल."

"मग एवढं तरी करा. तोवर कोणाला पात्रात उतरू देऊ नका."

राजा हसला. "अमात्य, भरलेल्या नदीला भ्यावं. कोरड्या नदीला कसलं भ्यायचं? आणि लोकांनी प्यायचं काय?"

सुनय काठी घेऊन एकटेच निघाले आणि नदीचे पात्र धरून चढू लागले.

पात्र जसजसे वर गेले तसतसे अरुंद होत गेले. दोन्ही बाजूंनी लहान ओहोळ येऊन मिळत होते आणि ते सगळे भरून वाहत होते. नगरात उरलेले घोटाभर पाणी त्यांचेच होते. शेवटचा ओहोळ मागे पडला आणि पुढे पात्रात नुसते धोंडे राहिले. शेवाळ अजून हिरवे होते, म्हणजे पाणी जाऊन फार दिवस झाले नव्हते. सुनयांनी मनात म्हटले, 'जे काही आहे ते आता जवळच आहे.'

पुढे दोन कडे एकमेकांजवळ आले आणि त्यांच्यामध्ये घळ लागली. घळीच्या तोंडाशी येऊन सुनय थांबले. समोर वाट नव्हती. डोंगराची एक अख्खी सोंड सुटून घळीत येऊन बसली होती. माती, खडक, मुळांसकट झाडे, आणि काही झाडे तर पडूनही उभीच होती, त्यांची पाने हिरवी होती. त्या ढिगाच्या पायथ्याशी जागोजागी पाणी पाझरत होते. सुनयांनी ते ओंजळीत घेतले. ते गढूळ होते. स्वच्छ पाणी पाझरते तेव्हा ढीग नुसता गळत असतो. गढूळ पाणी येते तेव्हा तो आतून धुपत असतो.

ते हाताने झुडपे धरीत ढिगावर चढले. पलीकडे तळे पसरले होते. झाडांचे शेंडे पाण्यावर झुडपांसारखे दिसत होते. एवढ्यात वरच्या उतारावरून कोणी ओरडले, "तिथंच थांब! राजाचा माणूस ना तू?"

धनुष्ये घेतलेली काही माणसे उभी होती. बोलणारी मात्र एक पिकल्या केसांची बाई होती. ती डोंगरकऱ्यांची म्होरकी कोंडाई.

"हो, आई," सुनय म्हणाले. "नदी का आटली ते पाहायला आलो."

"पाहा मग. ते दोन शेंडे दिसतात ना, त्यांच्यामधी माझं घर. वाडीची सगळी घरं तितंच. माणसं तेवढी वर काढली. भात गेला, निम्म्या शेळ्या गेल्या."

"खाली लोक म्हणतात, पाणी तुम्ही अडवलं."

कोंडाईने त्या ढिगाकडे पाहिले. "डोंगर उचलून ठेवणारा आमच्यात कोणी असता, तर आधी त्याला आमची घरं उचलायला लावली असती."

सुनयांनी काही लपवले नाही. सेना येते आहे, हे त्यांनी सांगून टाकले. माणसांत कुजबूज झाली. कोणी म्हणाले, डोंगराच्या धारेपलीकडे पळू. कोणी म्हणाले, या एकाला धरून ठेवू. कोंडाईने हाताने सर्वांना गप्प केले.

"तू आम्हाला का सांगितलंस?" तिने विचारले.

"कारण हा ढीग फुटला तर खाली माझं नगर जाईल आणि सेना आली तर वर तुम्ही जाल. दोन्ही टळावं असं वाटतं. मला हा सगळा डोंगर दाखवा. पाणी कुठून येतं आणि कुठे जाऊ शकतं, ते मला पाहायचं आहे."

मग कोंडाई आणि तिची माणसे त्यांना धारेने फिरवू लागली. वरून पाहिल्यावर कुरंगीचे सारे घर त्यांना एकदम दिसले. डोंगरांच्या धारा चारही बाजूंनी वाटीच्या काठासारख्या फिरल्या होत्या. दक्षिणेला काळ्या कातळाचा उघडा सडा होता. त्याच्यावर पडलेला पाऊस थांबतच नव्हता, पांढऱ्या रेघांनी तसाच खाली धावत होता. पश्चिमेला दाट राई होती, तिचे पाणी सावकाश आणि कुजलेल्या पाल्यासारख्या तांबूस रंगाचे येई. तिसरा प्रवाह कड्याखालच्या झऱ्यांचा होता. "हा चैतातसुदीक आटत नाही," कोंडाई म्हणाली. तिन्हींचे पाणी त्या वाटीत एकत्र येई आणि तिथून बाहेर पडायला घळीवाचून वाट नव्हती.

उत्तरेकडे मात्र वाटीचा काठ वाकला होता. तिथे एक बसकी खिंड होती. खिंडीत उभे राहिले की मागे तळे आणि पुढे उतार होता. त्या उताराखाली करंजखोरे नावाचे ओसाड खोरे लांबवर पसरले होते.

"हिथं थुंकलं तर कुरंगीत जातं," कोंडाई म्हणाली आणि एक पाऊल पुढे सरली. "आणि हिथं थुंकलं तर करंजखोऱ्यात. तिकडं दुसरा राजा."

सुनय त्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी एक बांबू उभा चिरून घेतला, त्यात पाणी भरले आणि पाण्याच्या रेषेवरून नजर लावून ढिगाचा माथा आणि खिंड ताडून पाहिली. पुन्हा पाहिली. ढिगाचा माथा खिंडीहून हातभर खाली होता. तळे असेच चढत राहिले तर पाणी आधी ढिगावरून वाहणार, त्याला खाऊन टाकणार आणि सारे तळे एकदम नगरावर पडणार, हे स्पष्ट होते.

"खिंडीतल्या मातीखाली काय आहे?" त्यांनी विचारले.

"कातळ. एकसंध. माझ्या बापानं तितं खांब रोवायला कमरेइतकं खणलं होतं, पहार वाकली."

"मग कातळापर्यंत माती काढू. पाणी तिकडून जाईल आणि कातळ धुपणार नाही, म्हणजे जाईल तेही बेतानं."

"आम्ही मूठभर माणसं. हातात कोयते. पाणी रोज चढतंय."

ते खरे होते. तरी त्यांनी खणायला सुरुवात केली. सुनयांनी अंगावरचे वस्त्र कमरेला खोचले आणि तेही माती उपसू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेना घळीपाशी पोहोचली. सैनिकांजवळ शस्त्रांबरोबर कुदळी आणि पहारीही होत्या, कारण ते बांध फोडायच्या तयारीने आले होते. सुनय धावत खाली आले. वज्रबाहू ढिगाच्या माथ्यावर उभा राहून कुठून फोडायचे ते सैनिकांना दाखवीत होता.

"अमात्य, बाजूला व्हा," तो म्हणाला. "दुपारच्या आत नदी मोकळी करतो. काठच्या जमिनीची चिंता असेल तर पहिली कुदळ तुम्ही मारा. जमीन तुमची. मला नको ती."

सुनयांच्या एका शब्दावर नदी त्या दिवशीच नगरात गेली असती, आणि जमीनही त्यांची झाली असती. जिथे सैनिकांनी कुदळी रोखल्या होत्या तिथेच ते मांडी घालून बसले.

"सेनापती," ते म्हणाले, "आधी माझ्याबरोबर पायथ्याशी या. नंतर हवं ते करा."

वज्रबाहू तापट होता, पण वाईट नव्हता. कुरकुरत तो खाली उतरला. सुनयांनी त्याला पाझर दाखवला आणि ते गढूळ पाणी त्याच्या हातावर घातले. बोटांत बारीक वाळू राहिली.

"हे आतून जातंय. वर एक खाच पाडली की पाणी ती खाच घळीएवढी करील. मागे किती पाणी आहे ते तुम्ही पाहिलंत. सेनापती, तुमच्या मातोश्री कुठे राहतात?"

"घाटावर. तुम्हाला ठाऊक आहे."

"या वेळी त्या कुठे असतील?"

वज्रबाहूची आई म्हातारी होती, पण पाणी स्वतःच आणायची. दासी पाठवली तर तिला राग येई. या वेळी ती पात्रात, झिऱ्यापाशी, वाटीने कळशी भरीत बसलेली असणार.

त्याने हातातली वाळू झटकली. त्याचा आवाज बदलला. "काय करू ते सांगा."

"सैनिक मला द्या आणि तुम्ही स्वतः नगरात जा. पात्र रिकामं करा. दुसऱ्या कोणी निरोप नेला तर महाराज हसतील. तुम्ही सांगितलंत तर हसणार नाहीत."

वज्रबाहू घोड्यावर बसला आणि आला त्याहून वेगाने गेला.

त्या दिवशी खिंडीत सैनिक आणि डोंगरकरी खांद्याला खांदा लावून खणत होते. आदल्या दिवशी हीच माणसे एकमेकांना मारायला किंवा एकमेकांपासून पळायला निघाली होती. आता एक सैनिक कोंडाईला म्हणत होता, "मावशी, जरा सरका, पहार लागेल." सुनयांनी मध्येच काम थांबवले आणि विचारले, "खाली करंजखोऱ्यात कोणी राहतं का?"

"गवळ्यांचे गोठे हायेत वढ्याकाठी," कोंडाई म्हणाली. "माझी लेक तितंच दिलीय."

"मग आधी तिकडे माणसं धाडा. गुरं वर काढू द्या त्यांना."

एक सैनिक म्हणाला, "स्वामी, ते शत्रूच्या राज्यातले. तिकडे धावण्यात वेळ गेला तर इकडे आपलं नगर जाईल."

"पाणी सोडणारे आपण आहोत," सुनय म्हणाले. "ते कोणावर पडतं हेही आपणच पाहायला हवं."

दोन चपळ माणसे उतारावरून खाली पळाली. इकडे खणणे चालू राहिले. शेवटचा मातीचा पडदा तेवढा राखून ठेवला. पाऊस वाढला. तळे ढिगाच्या माथ्यापाशी येऊ लागले. घळीकडून मोठा आवाज झाला. ढिगाची बाहेरची बाजू घसरून खाली गेली होती आणि चिखलाचा, झाडांचा, पाण्याचा एक लोट घळीतून नगराच्या दिशेने सुटला होता. ढीग अजून उभा होता, पण निम्माच. तेवढ्यात करंजखोऱ्यातून धूर वर चढला. गवळी गुरे घेऊन टेकडीवर पोहोचल्याची ती खूण होती.

"आता," सुनय म्हणाले.

शेवटची माती निघाली. पाणी आधी बोटाएवढे आले, जणू वाट विचारीत. मग हातभर झाले. मग कातळावरून सपाट चादरीसारखे पसरून ते पलीकडच्या उतारावर उतरले. माती वाहून गेली, कातळ जसाच्या तसा राहिला. कोंडाईने तळ्याच्या काठाशी एक काटकी रोवली आणि तिच्यापाशी उकिडवी बसली. सगळे तिच्याकडे पाहत होते. पाणी काटकीला लागले. थोडा वेळ तिथेच राहिले. मग काटकीच्या खाली ओली रेघ दिसू लागली.

"उतरतंय," ती म्हणाली. "उतरतंय रं!"

माणसे जिथे होती तिथे चिखलातच बसली. कोणी हसत होते, कोणी रडत होते. सैनिकांनी आपल्या शिदोऱ्या सोडल्या आणि डोंगरकऱ्यांच्या पोरांना आधी दिल्या. सुनय मात्र पूर्वेकडे, नगराच्या दिशेने पाहत होते. तो लोट तिथे पोहोचला असणार. वज्रबाहू वेळेवर पोहोचला का, हे त्यांना ठाऊक नव्हते.

वज्रबाहू पोहोचला होता. घोड्यावरून उतरताच तो राजापुढे गेला आणि म्हणाला, "महाराज, तिथे बांध नाही, दरड आहे. मी चुकलो. पात्र रिकामं करा." वज्रबाहू आपली चूक कबूल करतो आहे, हे पाहूनच राजा उठून उभा राहिला. दवंडी फिरली. नगररक्षकांनी लोकांना हाताला धरधरून घाटावर काढले. लोक कुरकुरत होते. सेनापतीची आई तर म्हणाली, "कळशी अर्धीच भरलीय, थांब जरा." त्याने कळशीसकट तिला उचलले आणि पायऱ्या चढला. शेवटची माणसे वर आली तेव्हा वळणावरून गडगडाट ऐकू आला. लोट आला. त्याने झिरे बुजवले, धुण्याचे धोंडे लोटले, काठच्या होड्या फोडल्या आणि घाटाच्या निम्म्या पायऱ्या चढून तो ओसरला. मग घरोघरी माणसे मोजली गेली. कुठेही एक माणूस कमी भरले नाही. संध्याकाळी एक स्वार ही वार्ता घेऊन वर आला तेव्हा सुनय प्रथमच जेवायला बसले.

पाऊस सरल्यावर ढीग वरून थोडाथोडा काढण्यात आला. घाई कोणी केली नाही. तळे हळूहळू उतरले आणि कुरंगी पुन्हा आपल्या वाटेने वाहू लागली. हिवाळ्यात राजा दृढसेन स्वतः डोंगर चढून आला. धारेवर उभा राहून त्याने तिन्ही प्रवाह पाहिले. मग तो खिंडीकडे वळला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"अमात्य, ही खिंड आता बुजवून टाका. माझं पाणी शत्रूच्या खोऱ्यात कशाला?"

"महाराज, तळं उतरल्यापासून इथून थेंबही जात नाही," सुनय म्हणाले. "घळ पुन्हा कधी बुजली तर जेवढं आपल्याला बुडवील, तेवढंच इथून जाईल."

राजा मोठ्याने हसला. "म्हणजे माझं संकट माझा शत्रू पितो?"

"आणि त्यावर नाचणी पिकवतो. कोंडाईच्या लेकीकडून या वर्षी पहिलं धान्य आलंय. आपणही चाखून पाहा."

राजाने खिंड तशीच राहू दिली. काठची जमीन तो सुनयांना देऊ लागला तेव्हा ते म्हणाले, "महाराज, पुराची जागा माणसाला देऊ नका, ती नदीलाच राहू द्या. मला द्यायचंच असेल, तर डोंगरकऱ्यांचा वाढवलेला वाटा माफ करा. त्यांना नवी घरं बांधायची आहेत." राजाने तसेच केले. त्यानंतर मध आणायला डोंगरकरी उतरले की वज्रबाहूची आई त्यांना आपल्याच घरी उतरवून घेई.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका विहारात सांगितली. त्या दिवशी घागर रिकामी पाहून सुधन्व नावाच्या भिक्षूने पाणी भरणाऱ्या सेवकाला आळशी म्हणून सर्वांदेखत दटावले होते. नंतर कळले की विहिरीचा काठ ढासळला होता, आणि तो सेवक सकाळपासून दगड काढीत होता. सुधन्व लाजून बसला होता. कथा संपल्यावर त्याने उठून त्या सेवकाची क्षमा मागितली, आणि सेवकाने हसून त्याला आधी पाणी दिले.

मग शास्त्यांनी ओळख पटवून दिली. "भिक्षूंनो, त्या वेळचा सेनापती वज्रबाहू म्हणजे आजचा सुधन्व. तेव्हाही तो पाहण्याआधी रागावला, आणि पाहिल्यावर मागे हटला. राजा दृढसेन म्हणजे आज आपल्याला भिक्षा घालणारा गृहपती मणिभद्र. कोंडाई म्हणजे भिक्षुणी खेमिका. आणि अमात्य सुनय म्हणजे मीच होतो."

अडलेल्या पाण्यावर आणि अडलेल्या माणसावर घाव न घालता त्याला वाट करून देणे, याला क्षांती म्हणतात. बोधिसत्त्वांनी त्या जन्मी क्षांतिपारमिता, म्हणजे क्षांतीची परिपूर्णता, आचरली, ती अशी.